एस्टोनियाला कामासाठी निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये, राहायला आल्यापासून पुणे, नाशिक, कोल्हापूर, मडगाव अशा ठिकाणांहून फोन येतात आणि सगळे एकाच वाक्याने सुरू होतात: "एक छोटीशी शंका होती." शंका बहुतेक त्याच त्या असतात, म्हणून उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतोय. पर्यटनाची माहिती इथे फारशी सापडणार नाही. दोन-चार दिवसांसाठी मीटिंगला, प्रदर्शनाला किंवा कंपनी काढायच्या विचाराने येणाऱ्यांसाठी हे पान आहे.

१. एस्टोनिया म्हणजे ते बाल्कनमधलंच ना?

नाही. बाल्कन म्हणजे सर्बिया, बल्गेरिया वगैरे, खाली दक्षिणेला. एस्टोनिया आहे बाल्टिक समुद्राकाठी, पार उत्तरेत. वर ऐंशी किलोमीटर खाडी ओलांडली की फिनलंड, पूर्वेला रशिया, दक्षिणेला लाटव्हिया. लाटव्हियाच्या खाली लिथुएनिया. या तिघांना मिळून बाल्टिक देश म्हणतात, पण एस्टोनियन माणूस मनातून स्वतःला फिनलंड-स्वीडनच्या पंगतीत बसवतो. "तुम्ही नॉर्डिक लोक" म्हणालात तर खूश होईल. "तुम्ही आधी रशियातच होता ना" म्हणालात तर काय होईल ते प्रश्न २० मध्ये वाचा.

२. देश केवढा आहे? बाजारपेठ किती मोठी?

क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा. लोकसंख्या १३ लाख ७० हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं होती. देशातले साडेचार लाखांच्या आसपास लोक तालिनमध्येच राहतात. निम्मा देश जंगल आहे आणि सर्वांत उंच टेकडी ३१८ मीटरची. कळसूबाई चढलेल्या माणसाला तिथे उभं राहून हसू येतं.

त्यामुळे "एस्टोनियात माल खपवू" हा विचार घेऊन येऊ नका. इथले उद्योजकसुद्धा पहिल्या दिवसापासून बाहेरच्या बाजारपेठेचाच हिशोब करतात, कारण घरचं गिऱ्हाईक पुरत नाही. स्काइपचं सॉफ्टवेअर २००३ मध्ये इथल्या प्रोग्रॅमरांनी लिहिलं, बोल्ट ही टॅक्सीची कंपनी २०१३ मध्ये इथे सुरू झाली, आणि पैसे पाठवण्याची वाइज कंपनी दोन एस्टोनियन माणसांनी काढली, तीही लंडनमध्ये.

लहान देशाची दुसरी बाजू अशी की इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. एका कंपनीला दिलेला दर दुसऱ्या कंपनीला कळणार नाही या भरवशावर राहू नका.

३. व्हिसा कोणता लागतो?

शेंगेनचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्प मुदतीचा व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यात आल्याचा व परत निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरतात. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात १५ दिवसांच्या भरवशावर राहणं म्हणजे वेडेपणा. एस्टोनियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, तुमच्या शहरातून अर्ज कुठे द्यायचा ते दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा.

एक चांगली गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी युरोपीय संघाने नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. "नीट वापरले" याचा अर्थ मुदतीत परत आलात.

निमंत्रणपत्रात कंपनीचा नोंदणी क्रमांक, तुमच्या भेटीचं कारण, तारखा आणि खर्च कोण करणार हे लिहून घ्या. एस्टोनियन माणसाला "एक निमंत्रण पाठवा" असं सांगितलं तर तो अक्षरशः एका ओळीचं निमंत्रण पाठवतो. मजकूर तुम्हीच लिहून द्या, तो सही करेल.

४. थेट विमान आहे का?

नाही. फ्रँकफर्ट, हेलसिंकी, वॉर्सा, इस्तंबूल अशा कुठून तरी बदलून यावं लागतं. शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावरच तुमची तपासणी होते, मग तालिनला उतरल्यावर थेट बॅग घ्यायची आणि बाहेर पडायचं. इस्तंबूल शेंगेनबाहेर आहे, तिथून आलात तर तपासणी तालिनलाच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. तिच्यात पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, तेव्हा पुढच्या विमानाला दीड तासाचं अंतर ठेवून तिकीट काढू नका.

तालिनचा विमानतळ शहरापासून अवघ्या चार किलोमीटरवर आहे आणि दारातून ट्राम मिळते. लोहगावहून कोथरूड गाठण्याची सवय असलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही.

५. एक मीटिंग हेलसिंकीला, एक तालिनला. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालेल का?

चालेल. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, तेव्हा मधली ये-जा नवा प्रवेश धरत नाहीत. जहाजाने दोन तास लागतात आणि दिवसभर फेऱ्या असतात. पासपोर्ट मात्र खिशात हवा, सीमेवर शिक्का नसला तरी ओळखपत्र मागू शकतात. अर्ज कोणाकडे करायचा? जिथे मुख्य काम किंवा जास्त दिवस, त्या देशाकडे. दोन्हीकडे सारखे दिवस असतील तर जिथे आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे.

खरी मेख लंडनची आहे. तालिन, मग एक दिवस लंडन, मग परत तालिन असा बेत असेल तर ब्रिटन शेंगेनबाहेर असल्यामुळे दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आयर्लंडचंही तसंच. लाटव्हियातल्या रिगाला आणि लिथुएनियातल्या व्हिल्नियसला मात्र काही अडचण नाही.

६. वेळेत किती फरक पडतो?

हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले की तालिनमध्ये हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. त्या सोमवारी कुणा ना कुणाची मीटिंग हुकतेच.

७. "हाफ थ्री"ला भेटू म्हणाले. म्हणजे साडेतीन ना?

थांबा! बहुतेक वेळा ते अडीच असतं. एस्टोनियन भाषेत "पोल कोल्म" म्हणजे शब्दशः "अर्धा तीन", आणि त्याचा अर्थ तिसरा तास अर्धा झाला, म्हणजे अडीच. इंग्रजी बोलताना काही जण तेच शब्दशः उतरवतात. त्याच चालीवर "पाव तीन" म्हणजे सव्वादोन आणि "पाऊण तीन" म्हणजे पावणेतीन. या शेवटच्यापाशी तरी आपल्याला घरच्यासारखं वाटावं, पण बाकी गोंधळ व्हायचा तो होतोच. मी पहिल्याच महिन्यात एका गृहस्थाला तासभर ताटकळत ठेवलं. ते चिडले नाहीत, काही बोललेही नाहीत, पुढच्या वेळी फक्त "१४:३०" असं लिहून पाठवलं. तुम्हीही आकड्यांत लिहून घ्या.

असेच आणखी दोन खड्डे. इमारतीत तळमजल्याला "पहिला मजला" म्हणतात, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस आपल्या हिशोबाने दुसऱ्यावर असतं. आणि आकड्यांत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. कोटेशनमध्ये "१,५००" दिसलं तर ते दीड हजार आहे की दीड, हे विचारून घ्या. हजारांसाठी ते मध्ये जागा सोडतात. याच एका स्वल्पविरामापायी दोन आठवडे पत्रव्यवहार चाललेला मी पाहिला आहे.

८. कोणत्या महिन्यात यावं?

मीटिंगांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मे. जुलैत येऊ नका. देशच्या देश गावाकडच्या घरी, बेटांवर नाहीतर पॅर्नूच्या किनाऱ्यावर गेलेला असतो आणि ईमेलला "ऑगस्टमध्ये बोलू" असं आपोआप उत्तर येतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतरही तेच. २३ जूनला विजय दिन आणि २४ जूनला यानिपॅव्ह, म्हणजे ऐन उन्हाळ्याचा सण. आदल्या रात्री गावोगाव होळ्या पेटतात. अगदी आपल्या होळीसारख्याच, फक्त बोंब मारत नाहीत.

इतर महत्त्वाच्या सुट्ट्या: १ जानेवारी, २४ फेब्रुवारी (१९१८ चा स्वातंत्र्य दिन), गुड फ्रायडे, १ मे, २० ऑगस्ट (१९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळालं तो दिवस), २४ ते २६ डिसेंबर. यातली एक गोम कॅलेंडरवर दिसत नाही: नववर्ष, २४ फेब्रुवारी, २३ जून आणि २४ डिसेंबर यांच्या आदल्या कामाच्या दिवशी कायद्यानेच तीन तास कमी काम असतं. दुपारी दोननंतर फोन लावून उपयोग नाही.

९. थंडी किती असते? काय घालून यावं?

जानेवारी-फेब्रुवारीत शून्याखाली असतंच, लाट आली तर उणे वीसपर्यंत जातं. पण थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. जूनमध्ये उलटं, रात्री साडेदहापर्यंत उजेड, म्हणून झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी आणा.

बुटांवर खर्च करा. जुन्या शहरातले दगडी रस्ते बर्फाने गुळगुळीत होतात आणि चामडी तळव्याचे ऑफिसचे बूट म्हणजे कंबरड्याला आमंत्रण. ऑफिसात पोचल्यावर बूट बदलायचे, तसं सगळेच करतात.

आणि एक वस्तू जी तुम्हाला कुणी सांगणार नाही: हेल्कुर. दोऱ्याला लटकवलेला, दोन-तीन इंचांचा चकाकणारा प्लास्टिकचा तुकडा. कधी फुलपाखरू, कधी कंपनीचं बोधचिन्ह. कोटाच्या उजव्या खिशाला पिनेने अडकवायचा आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंत लोंबू द्यायचा, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकतो. अंधारात पायी चालताना तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे, नाही लावला तर दंड होऊ शकतो. किराणा दुकानात मिळतो, आणि यजमान कंपनीनेच भेट दिला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

१०. भाषा कोणती? संस्कृतशी जवळची आहे असं ऐकलंय.

ते लिथुएनियन भाषेबद्दल ऐकलंय तुम्ही. तिथे देवाला "दिएव्हस", अग्नीला "उग्निस", मुलाला "सूनुस" म्हणतात, आणि आपला संस्कृतचा तास आठवतो. लाटव्हियनही त्याच कुळातली. एस्टोनियनचं मात्र या कुळाशी काही नातं नाही. ती फिनिशची बहीण आणि हंगेरियनची लांबची चुलत बहीण. चौदा विभक्ती आहेत, लिंग नाही, भविष्यकाळही नाही. तालिनमध्ये एस्टोनियन यजमानाला "आमची भाषा तुमची मावशी" असं कौतुकाने सांगणारे आपले लोक मी पाहिलेत. यजमान मान डोलावतो, दुरुस्त करत नाही, आणि आपल्याला वाटतं छाप पडली.

भाषेत लिंग नसल्यामुळे इंग्रजी बोलतानाही कधी पुरुषवाचक "ही"च्या जागी "शी" येतं. ईमेलमधल्या नावावरून बाई की पुरुष हे ओळखायला जाऊ नका, सरळ नाव लिहा. सोमवारला ते "पहिला दिवस", मंगळवारला "दुसरा दिवस" म्हणतात.

कामकाज इंग्रजीत निभावतं. लोकसंख्येत साधारण पाव भाग रशियन बोलणारा आहे, पूर्वेच्या नार्वा शहरात तर बहुतेक सगळेच. चार शब्द पुरे: "तेरे" नमस्काराला, "आयतॅह" धन्यवादाला, "पालुन" म्हणजे कृपया, "तेर्व्हिसेक्स" पेला उचलताना.

११. आमचं सादरीकरण संपलं आणि समोरचे गप्पच बसले. बिघडलं का काही?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. नाही, बिघडलं नाही. ते विचार करत आहेत.

आपण शांतता भरून काढतो. समोरचा दहा सेकंद बोलला नाही की आपण सवलत जाहीर करून टाकतो. इथे बोलणं थांबलं तर थांबू द्यायचं. एका बैठकीत खिडकीबाहेर ट्राम वळेपर्यंत, पुढच्या थांब्यावर थांबून निघून जाईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. कोल्हापूरहून आलेल्या आमच्या पाहुण्याने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. मी त्याला थांबवलं नसतं तर त्याने आठ टक्के सोडले असते. शेवटी समोरच्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. डिलिव्हरीची तारीख?" झालं.

उलट बाजूने, त्यांचं "नाही" हे नाहीच असतं, त्यात "बघू या" दडलेलं नसतं. आणि आपलं "हो, हो, होऊन जाईल" ते शब्दशः धरतात. शुक्रवारी फाइल देतो म्हणालात तर शुक्रवारी द्या, नाहीतर गुरुवारीच सांगा. उशिरापेक्षा न कळवण्याचा राग येतो. वेळेआधी दोन मिनिटं पोचा. घरचं कसं काय, मुलं काय करतात, ही सुरुवात इथे नको, चौकशी कोरडीच बरी. सलगी व्हायची तेव्हा होते, बहुधा सॉनामध्ये, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीत (प्रश्न १९).

१२. "सर", "मॅडम" म्हणावं का?

नको. संचालकालाही पहिल्या नावाने हाक मारतात. "रिस्पेक्टेड सर" असा ईमेल आला की इथले लोक तो फसवणुकीचा समजून बाजूला टाकतात. तीन ओळी, मुद्दा, तुमचं नाव, एवढंच.

१३. करार म्हणून एक विचित्र फाइल आली आहे, उघडतच नाही. व्हायरस आहे का?

नाव "एएसआयसीई" या अक्षरांनी संपतंय ना? मग तोच तुमचा करार. ते एक डिजिटल पाकीट आहे: आत मूळ कागद आणि त्यावर झालेल्या सह्या. पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडणार नाही, डिजिडॉक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. उघडलं की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजून किती सेकंदांनी सही केली ते दिसतं.

इथे प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र असतं आणि त्याला दोन पिन असतात. चार आकडी पिन ओळख पटवण्यासाठी, पाच आकडी सहीसाठी. ही सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की आहे. २००५ मध्ये जगात पहिल्यांदा देशव्यापी निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान झालं ते याच कार्डावर. साहजिकच "करार छापा, प्रत्येक पानावर सही करा, शिक्का मारा, स्कॅन करून पाठवा" असं तुम्ही सांगितलं की समोर क्षणभर शांतता पसरते, आणि ही शांतता प्रश्न ११ मधली नव्हे. कित्येक कंपन्यांकडे रबरी शिक्काच नसतो. तुमच्या बँकेला किंवा सीएला शिक्का हवा असेल तर आधीच समजावून सांगा. सरकारी कागद लागत असतील तर दोन्ही देश अपोस्टिल करारात (एकमेकांचे सरकारी कागद ग्राह्य धरण्याच्या) आहेत, अपोस्टिल करून घेतलं की चालतं.

१४. ई-रेसिडेन्सी घेतली की एस्टोनियात राहता येतं का?

नाही, नाही आणि नाही. नावाने घोळ केलाय. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेली ही योजना म्हणजे परक्या देशातल्या माणसाला दिलेलं डिजिटल ओळखपत्र. त्याने तुम्ही प्रश्न १३ मधली सही करू शकता आणि घरबसल्या एस्टोनियन कंपनी काढू-चालवू शकता. व्हिसा मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळत नाही, नागरिकत्वाकडे पाऊल पडत नाही, तुम्ही तिथले करदातेही होत नाही. विमानतळावर ते कार्ड दाखवलं तर अधिकारी ते तुम्हाला परत देईल, बस्स. अर्ज ऑनलाइन, तपासणी पोलीस आणि सीमारक्षक विभागाकडून, कार्ड प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे देऊन घ्यायचं. मुदत पाच वर्षं. नकारही येतो.

खरोखर राहून दूरचं काम करायचं असेल तर ऑगस्ट २०२० पासून डिजिटल भटक्यांचा वेगळा व्हिसा आहे. त्याला उत्पन्नाची अट आहे आणि ती आपल्या मानाने चांगलीच वरची आहे.

१५. तिथे कंपनीला कर शून्य आहे हे खरं का?

अर्धं खरं. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही, ही पद्धत २००० सालापासून आहे. लाभांश काढलात की कर लागतो: २०२५ पासून दर २२ टक्के, आणि तो हातात येणाऱ्या रकमेवर २२/७८ असा मोजतात. म्हणजे १०० युरो नफ्यातले २२ सरकारला, ७८ तुम्हाला. पगारावर, संचालकाच्या मानधनावर वेगळे कर. व्हॅट जुलै २०२५ पासून २४ टक्के आहे. त्याची नोंदणी वर्षाला ४० हजार युरोंच्या उलाढालीनंतर सक्तीची.

इथल्या प्रायव्हेट लिमिटेडला "ओयू" म्हणतात. आधी २५०० युरो भांडवल लागायचं, फेब्रुवारी २०२३ पासून एका सेंटवरही निघते. पण संचालक मंडळ परदेशात असेल तर एस्टोनियात परवानाधारक संपर्क-व्यक्ती नेमावी लागते आणि तिचं वार्षिक शुल्क असतं. एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी वार्षिक अहवाल भरावा लागतो, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. "काढून ठेवू, लागली तर वापरू" म्हणून काढलेल्या कंपन्यांची पत्रं मला दर उन्हाळ्यात दाखवायला येतात.

१६. मग मी पुण्यात बसून एस्टोनियन कंपनी चालवली तर भारतात कर लागणार नाही ना?

लागू शकतो, आणि व्हिडिओ पाहून उडी मारणारे नेमके इथेच पडतात. एस्टोनिया तुमच्याकडून काही मागत नाही म्हणून भारत मागत नाही असं होत नाही.

कंपनीचे खरे निर्णय भारतात होत असतील तर प्राप्तिकर खातं तिला भारतातली रहिवासी कंपनी धरू शकतं. वर्षाला ५० कोटी रुपये किंवा कमी उलाढाल असलेल्या परदेशी कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकाने यातून वगळलं, म्हणून लहान धंदेवाईक निर्धास्त होतात. पण ते एकच दार आहे. कामच पुण्यातल्या घरातून होत असेल तर भारतातलं कायम आस्थापन (धंद्याची पक्की जागा) म्हणून त्या कमाईवर हात ठेवता येतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार २०११ मध्ये झाला आहे, त्याने एकाच कमाईवर दोनदा भरणं टळतं. दोन्हीकडचा कर माफ होत नाही.

त्याशिवाय दोन गोष्टी. भागभांडवल पाठवणं म्हणजे परदेशी गुंतवणूक. त्याला रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लागतात, बँकेमार्फत फॉर्म भरावा लागतो आणि वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच. कार्डाने शंभर युरो भरले म्हणून सुटका नाही. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ही कंपनी दाखवावी लागते, तोट्यात असली तरी. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. कंपनी काढायच्या आधी सीएकडे जा. काढल्यानंतर गेलात तर तो तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील ती मला ठाऊक आहे.

१७. तिथे बँक खातं उघडता येईल का?

ई-रेसिडेन्सी आहे म्हणून बँक बांधील नाही. तुमचा एस्टोनियाशी खरा संबंध काय, ग्राहक कोण, पैसा कुठून येणार, हे विचारतात आणि बऱ्याचदा नाही म्हणतात. यामागे इतिहास आहे. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार गेल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, आणि तेव्हापासून इथल्या बँका ताकही फुंकून पितात. बहुतेक ई-रेसिडेंट ऑनलाइन पैशांच्या सेवांवर भागवतात.

१८. शाकाहारी माणसाचं कसं होईल?

तालिनमध्ये उपाशी राहणार नाही. भारतीय हॉटेलं आहेत, शाकाहारी पदार्थही मेन्यूत असतात. दुपारी बारा ते दोन "पॅएवाप्राद" शोधा. दारावर खडूने लिहिलेली फळी असते, त्या दिवसाचा एक पदार्थ, दर माफक. बटाटा, बीट, कोबी, रानातल्या अळंब्या आणि राय नावाच्या धान्याची काळी पाव-भाकरी हे इथलं मूळ अन्न. भाकरीला "लेइब" म्हणतात आणि जेवायला बसताना "यात्कू लेइबा", म्हणजे भाकरी सरू नये, असं म्हणायची पद्धत आहे.

"मांस नको" सांगितल्यावर मासा आणून ठेवतात, तेव्हा मासाही नको हे वेगळं सांगा. सूपचं पाणी कशाचं तेही विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी थेपले घेऊन यावं. किराणा दुकानात "कोहुके" मिळतं: चक्क्याची बोटभर वडी, वर चॉकलेटचा थर. श्रीखंड आवडणाऱ्याला आवडतंच. नळाचं पाणी बेलाशक प्या. दुकानात दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात विकतात.

१९. संध्याकाळी सॉनाला बोलावलंय. जावंच लागेल का?

बोलावणं म्हणजे तुम्ही त्यांना पटलात. गेलात तर चांगलं, तब्येतीचं कारण सांगून नाही म्हणालात तरी कुणी मनावर घेत नाही. स्त्रिया आणि पुरुष बहुधा वेगवेगळे जातात. मित्रमंडळींत कपड्यांशिवाय बसणं इथे साधी गोष्ट आहे, पण कामाच्या पाहुण्याने टॉवेल किंवा पोहण्याचे कपडे घातले तर चालतं. आधी अंघोळ करा. तापल्या दगडांवर पाणी टाकणाऱ्याला विचारल्याशिवाय पाण्याची पळी हातात घेऊ नका. रक्तदाब असेल तर खालच्या फळीवर बसा, तिथे कमी तापतं. भोज वृक्षाच्या फांद्यांची जुडी अंगावर आपटतात, ती मारहाण नाही.

२०. रशिया शेजारी आहे, तर सुरक्षित आहे का? तो विषय काढावा का?

रोजच्या व्यवहारात अतिशय सुरक्षित. एस्टोनिया २००४ पासून नाटो आणि युरोपीय संघात आहे. २००७ मध्ये देशाच्या संगणकांवर मोठा सायबर हल्ला झाला, पुढच्याच वर्षी तालिनमध्ये नाटोचं सायबर केंद्र उभं राहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाशी जोडलेली वीजवाहिनी तोडून युरोपच्या जाळ्याला जोडून घेतली.

विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. १९४० ते १९९१ या काळाला ते ताबा म्हणतात, "सोव्हिएत संघातून फुटून निघाले" हे वाक्य त्यांना लागतं. मार्च १९४९ मध्ये वीस हजारांवर माणसं सायबेरियाला पाठवली गेली, त्यात बायका-मुलं अधिक. ज्याच्याशी तुम्ही दराची घासाघीस करताय त्याची आजी त्या गाडीत असू शकते. "आमच्याकडे रशिया जुना मित्र" ही गोष्ट खरी असली तरी मीटिंगच्या टेबलावर तिचं काम नाही.

२१. भेटवस्तू काय न्यावी?

लहान आणि बिनखर्चिक. चहा, मसाले, काजू चालतात. चांदीची मूर्ती देऊ नका, समोरचा अवघडतो. घरी बोलावलं तर फुलं विषम संख्येत न्या, सम संख्या अंत्यविधीसाठी असते. बूट दारातच काढा. आपल्याला ते शिकवायला नको. उंबरठ्यावरून हात मिळवू नका, एक पाऊल आत या.

२२. शहरात आणि बाहेर फिरायचं कसं?

ट्राम-बसमध्ये चढल्यावर बँकेचं कार्ड यंत्राला टेकवा, सुमारे दोन युरोंत तासभर प्रवास. "तालिनमध्ये बस फुकट आहे" हे २०१३ पासून तिथे नोंदणी असलेल्या रहिवाशांसाठी खरं आहे, पाहुण्यांसाठी नाही. तार्तूला रेल्वेने साधारण दोन तास. १६३२ सालचं विद्यापीठ तिथेच आहे. रिगाला बसने साडेचार तासांच्या आसपास. बरीच ऑफिसं विमानतळाशेजारच्या युलेमिस्ते भागात आहेत. दंतकथा अशी की तिथल्या तळ्यातला म्हातारा वर्षातून एकदा विचारतो, "शहर बांधून झालं का?" हो म्हटलं की तो पाणी सोडून शहर बुडवणार, म्हणून उत्तर कायम "अजून काम चालू आहे." पुण्यामुंबईच्या रस्त्यांचा अनुभव असलेल्यांनी ही गोष्ट मीटिंगमध्ये सांगून पाहा, त्या दगडासारख्या चेहऱ्यांवर हसू येतं.

२३. रोख किती आणावी?

पन्नास युरो पुरतात, तेही बाजारात एखाद्या आजीबाईकडून बेरी घ्यायच्या असतील तर. २०११ पासून चलन युरो आहे आणि सगळीकडे कार्ड चालतं. रोख दिलीत तर जानेवारी २०२५ पासून बिल जवळच्या पाच सेंटला गोल करतात. दोन सेंट जास्त घेतले म्हणून भांडू नका. टिप सक्तीची नाही, आवडलं तर दहा टक्के.

२४. चार्जर चालेल का?

दोन बारीक गोल पिनांचा चालतो. आपली तीन जाड पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर आणा.

२५. पासपोर्ट हरवला तर?

पोलिसांत नोंद करा. तातडीच्या प्रत्येक मदतीसाठी क्रमांक ११२, इंग्रजीत बोललं तरी चालतं. मग भारतीय दूतावास. २०२१ पासून तो तालिनमध्येच आहे, त्याआधी खाडी ओलांडून हेलसिंकीला जावं लागायचं. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत फोनबाहेर, ईमेलमध्येही ठेवा, कारण पासपोर्ट आणि फोन बहुधा एकाच कोटाच्या खिशात असतात आणि तो कोट ट्राममध्ये राहिलेला असतो.